लायटर काढला की विझते म्हणून पीव्हीसी पॅनल घराला चालेल का?

कळंब्याजवळ स्वतःचे दुमजली घर बांधणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन्ही स्लॅब पडले आहेत, गिलावा संपत आला आहे आणि आता ठेकेदाराने तीन गोष्टी सुचवल्या आहेत. वरचा मजला उन्हाळ्यात तापतो म्हणून स्लॅबच्या पोटाला थर्मोकोलची शीट चिकटवायची. त्याखाली हॉल, स्वयंपाकघर, जिना आणि देवघर अशा सगळीकडे पीव्हीसी पॅनलचे छत करायचे. आणि त्या छतातून जाणाऱ्या वायरिंगसाठी आयएसआय छाप असलेल्या पाइपऐवजी निम्म्या किमतीत मिळणारा काळा पाइप वापरायचा. दुकानदाराने पॅनलच्या तुकड्याला लायटर लावून दाखवला, लायटर बाजूला नेताच ज्योत विझली, आणि "हे फायरप्रूफ आहे" असे त्याने सांगितले. काही पॅनल विकत घेऊनही झाले आहेत. मात्र घरात वृद्ध आई आहेत, देवघरात त्यांची समई सकाळ-संध्याकाळ तेवते, आणि म्हणून या गृहस्थांचे मन धजावत नाही. 'मान्यताप्राप्त' माल म्हणजे नेमका कोणता, हेही त्यांनी विचारले आहे.

मी गेली सव्वीस वर्षे कोल्हापूर शहरात आणि आसपासच्या गावांत घरे बांधतो आहे, त्यामुळे आधी उत्तर सांगतो आणि मग कारणे. स्लॅबच्या पोटाला उघडे थर्मोकोल लावू नका. काळा पाइप परत करा. पॅनल काही जागी चालतील आणि काही जागी अजिबात चालणार नाहीत. हे शेवटचे उत्तर गुळमुळीत वाटेल, पण प्लास्टिकच्या बाबतीत निर्णय वस्तूपेक्षा तिच्या जागेवर जास्त अवलंबून असतो. तेच पॅनल न्हाणीघराच्या छताला निर्धोक असते आणि जिन्याच्या डोक्यावर धोक्याचे असते. छताच्या पोकळीतून किती वायरी जातात, खिडक्यांना जाळ्या कशा आहेत, रात्री माणसे कुठे झोपतात आणि बाहेर पडायचा रस्ता एक आहे की दोन, यावर पुष्कळ काही ठरते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हापासून आपल्याकडे आगीबद्दल विचारणारी माणसे वाढली आहेत, आणि ते चांगलेच आहे. परंतु बहुतेकांचा प्रश्न "हे पेटते का?" एवढाच असतो. मला तो प्रश्न अपुरा वाटतो. घरात आग लागायची ती बहुधा गॅस, दिवा, सैल जोड किंवा तापलेली बॅटरी यांपैकी कशाने तरी लागते. छताच्या पॅनलने ती सुरू होत नाही. म्हणून विचारायचे ते असे, की दुसऱ्या कशामुळे आग लागल्यावर हे घर आपल्या आईंना बाहेर पडायला किती मिनिटे देईल. छताला, भिंतीला आणि पोकळीत आपण काय भरतो त्यावर ती मिनिटे वाढतात किंवा कमी होतात.

आता लायटरचा प्रयोग. दुकानदार आपल्याला फसवत होता असे मी म्हणणार नाही, कारण त्याने दाखवले ते खरेच घडते. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते आणि हे क्लोरीन ज्वलनाची साखळी तोडते. त्यामुळे कडक पीव्हीसीचा तुकडा बाहेरची ज्योत काढली की विझतो. पदार्थ जळत राहण्यासाठी भोवतालच्या हवेत किमान किती ऑक्सिजन लागतो, याचे एक मोजमाप आहे. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. कडक पीव्हीसीला जळत राहायला ४० टक्क्यांहून अधिक लागतो, तर थर्मोकोल आणि पॉलिथिन यांना १७-१८ टक्के पुरतो. म्हणून ही दोन्ही नेहमीच्या हवेत शेवटपर्यंत जळत जातात आणि पीव्हीसी थांबते. येथपर्यंत दुकानदार बरोबर आहे.

पण दुकानात तो तुकडा मोकळ्या हवेत, हातात धरलेला, थंड होता. खोलीत आग लागते तेव्हा गरम धूर वर जाऊन छताखाली साचतो, आणि पडदे, गाद्या पेटल्या की त्या थराचे तापमान पाचशे-सहाशे अंशांपर्यंत पोचते. पॅनल नेमके त्याच थरात असते. तेथे लायटर बाजूला नेणारे कोणी नसते. पीव्हीसी ७५ ते ८० अंशांच्या सुमारास मऊ पडते, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला छत लोंबू लागते. आणि पुढे दोनशे-अडीचशे अंशांपासून त्यातले क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपाने बाहेर पडू लागते. ज्योत नसली तरी हे चालू राहते, कारण त्याला फक्त उष्णता लागते. हा वायू डोळ्यांतल्या आणि घशातल्या ओलाव्यात विरघळला की त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. माणसाला डोळे उघडता येत नाहीत, श्वास कोंडतो, आणि स्वतःच्याच घरात दरवाजा सापडत नाही. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो, जो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट अधिक घट्ट धरतो. घरातल्या आगीत बरीच माणसे भाजण्याआधी धुरानेच जातात.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. काही वर्षांपूर्वी राजारामपुरीच्या बाजूला एका घरात रात्री अशी घटना घडली आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पाहायला बोलावले. बोळकंडीच्या छतात पॅनलच्या वर दोन वायरींचा पीळ देऊन, वर नुसती टेप गुंडाळून जोड केलेला होता. तो सैल झाला, तापत राहिला आणि त्याने भोवतालचे प्लास्टिक भाजले. प्रत्यक्ष जळालेला भाग दोन पॅनलांच्या रुंदीएवढा होता. ती पॅनल ओल्या पापडासारखी लोंबत होती. मी तो जोड काढून हातात घेतला, तेव्हा टेपचा कोळसा झाला होता आणि तांब्यावर हिरवट पूड चढली होती. एमसीबी पडलेला नव्हता. लहान मुलगा खोकत उठला म्हणून सगळे मागच्या दाराने बाहेर आले आणि वाचले. पण खरे नुकसान पुढच्या पंधरवड्यात दिसले. ज्या खोलीत ज्योत पोचलीही नव्हती तेथील शिलाई मशीनचे चाक अडकले, दारांच्या बिजागऱ्यांवर गंज आला, मांडणीवरच्या स्टीलच्या डब्यांवर तांबूस ठिपके उमटले. भिंतींवर आणि भांड्यांवर बसलेल्या काजळीतील आम्ल पावसाळ्याच्या ओलसर हवेत काम करत राहिले होते. माणसांच्या फुप्फुसांत तेच गेले होते, हा विचार त्या दिवशी माझ्या मनातून जाईना.

एमसीबी का पडला नाही, हे येथे समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक घरमालकांचा त्यावर पूर्ण भरवसा असतो. एमसीबी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त विद्युतप्रवाह गेला किंवा शॉर्ट सर्किट झाले तर पडतो. सैल जोडातून नेहमीएवढाच प्रवाह जात असतो. फक्त तेवढ्या एका बिंदूवर उष्णता तयार होत राहते. एमसीबीला ती कळत नाही. म्हणून जोड छताच्या पोकळीत ठेवायचेच नाहीत. ते झाकण उघडता येईल अशा जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टर लावून करायचे. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारे छोटे डबेही, आपल्याकडे पॅनलवर तसेच टाकून दिलेले असतात. हाताला चटका बसेल इतके तापणारे ते डबे पॅनलपासून उचलून, पट्टीला बांधून ठेवावेत.

थर्मोकोलबद्दल मी जास्त कठोर आहे. थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन, आणि त्याची अडचण तिहेरी आहे. ते शंभर अंशांच्या आसपास आकसते आणि वितळते. पेटल्यावर त्याचे जळते थेंब खाली पडून सतरंजी, गादी, कपडे पेटवतात. आणि एका किलोमागे ते लाकडाच्या दुपटीहून अधिक उष्णता देते, वर दाट काळा धूर वेगळाच. ते स्लॅबच्या पोटाला चिकटवून खाली पॅनलचे छत केले, तर मध्ये कोणाला न दिसणारी एक पोकळी तयार होते, तिच्यात इंधन, हवा आणि वायरी तिन्ही एकत्र येतात, आणि ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत अखंड पसरलेली असते. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. तेथे बाहेरच्या आवरणाच्या पत्र्यांमध्ये पॉलिथिनचा गाभा होता, मागे प्लास्टिक फोमचे उष्णतारोधक होते आणि दोहोंमध्ये पोकळी होती. ती चोवीस मजली इमारत होती आणि आपले घर दुमजली आहे, हे मी जाणतो. पण पोकळीतून आग कशी धावते याचा नियम मजल्यांच्या संख्येने बदलत नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये फेब्रुवारी २००३ मध्ये एका नाइट क्लबात भिंतीला आवाज दाबण्यासाठी उघडा फोम लावला होता. आतषबाजीच्या ठिणगीने तो पेटला आणि १०० जणांचा जीव गेला. हल्ली घरातल्या होम थिएटरच्या खोलीला अंड्याच्या ट्रेसारखा दिसणारा तसाच फोम कोणतीही चौकशी न करता चिकटवला जातो, ते पाहून मला फार काळजी वाटते.

उष्णतेचा उपाय स्लॅबच्या वरून करावा. फोमचीच शीट स्लॅबच्या वर ठेवून त्यावर काँक्रीटचा थर आणि चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) केले, तर खाली राहणाऱ्या माणसाच्या आणि त्या फोमच्या मध्ये संपूर्ण स्लॅब असतो. तेथे मला हरकत नाही, मात्र ते काम चालू असताना वेल्डिंगची ठिणगी किंवा बिडी जवळ येऊ देऊ नये. गच्चीवर वीटबाट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) नीट केला असेल तर त्यावर पांढरा, ऊन परतवणारा रंग दर दोन-तीन वर्षांनी दिला तरी खोलीत जाणवेल इतका फरक पडतो. आतूनच करायचे असेल तर रॉकवूल आणि खाली जिप्सम बोर्ड असे करावे. रॉकवूल दगडापासून बनते आणि जळत नाही. जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी स्फटिकांत बांधलेले असते; आगीत ते वाफ होऊन जाईपर्यंत बोर्डाची मागची बाजू फारशी तापत नाही. मिनिटे मिळतात म्हणतो ती अशी.

ठेकेदार येथे म्हणेल की कोल्हापूरच्या पावसात स्लॅबला ओल येते आणि जिप्सम फुगून खाली येते, म्हणून पीव्हीसी बरे. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण ज्या स्लॅबला ओल येते त्याची गळती आधी बंद केली पाहिजे. पॅनलखाली ती झाकली तर दिसत नाही, एवढेच होते, आणि तीच ओल वायरींच्या जोडांवर ठिबकते. गळती खात्रीने थांबली असेल तर जिप्सम वर्षानुवर्षे टिकते. शंका असेल तेथे फायबर सिमेंट किंवा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड वापरावा. तो जिप्समपेक्षा ओल जास्त सोसतो आणि पेटत नाही. आणि आपला स्लॅब सरळ असेल, गिलावा चांगला झाला असेल, तर छताला छत कशाला, हेही एकदा घरच्यांशी बोलून पाहावे.

आता पाइप. बाजारात 'काळा पाइप' या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात आणि त्यांत फरक करायला हवा. एक असतो भंगार प्लास्टिकपासून केलेला पीव्हीसी पाइप, ज्यात खडूची भुकटी बेसुमार घातलेली असते. खडू जळत नाही, पण पाइप इतका ठिसूळ होतो की अंगठा आणि तर्जनीत दाबला तरी कडेचे तुकडे पडतात. मग स्लॅब भरताना किंवा झिरी मारताना तो आतल्या आत फुटतो, सिमेंटचे पाणी शिरते, आणि वायर ओढताना तिचे आवरण खरवडले जाते. दुसरा असतो शेतात पाण्यासाठी वापरतात तो पॉलिथिनचा पाइप. हा रसायनाच्या दृष्टीने मेणबत्तीच्या मेणाचाच भाऊबंद आहे. मेणबत्तीसारखाच वास देत, जळते थेंब टाकत तो जळतो आणि आपोआप विझत नाही. आपल्याकडचा पाइप कोणता हे घरीच कळेल. बोटभर लांबीचा तुकडा बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून, आतली हवा काढून सोडा. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येते, पीव्हीसी तळाला जाते. ही परीक्षा भरीव प्लास्टिकच्या पाइपापुरतीच आहे. फुगवलेल्या फोम बोर्डला ती लावू नका, कारण तो पीव्हीसीचा असला तरी तरंगतो.

विजेच्या पाइपवर 'आयएस ९५३७ भाग ३' हा भारतीय मानकाचा क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाइपच्या अंगावर छापलेला असावा लागतो. तो परवाना खरा आहे का, हे भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर दुकानातच उभे राहून तपासता येते. नुसते आयएसआय चिन्ह पाहून समाधान मानू नये. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपवर आयएस ४९८५ असते. तो पाइप त्याच्या कामाला उत्तम असेल, पण तो शिक्का पाण्याच्या दाबाविषयी बोलतो, विजेच्या नळीत ज्योत पसरते का याविषयी नाही. भिंतीत काँक्रीटने गुरफटलेल्या पाइपपेक्षा छताच्या पोकळीतला पाइप जास्त महत्त्वाचा, कारण भिंतीत त्याला हवा मिळत नाही आणि पोकळीत मिळते. पैसे कमी असतील तर निदान पोकळीतला पाइप मध्यम जाडीचा, म्हणजे बाजारात एमएमएस म्हणतात तो घ्यावा.

वायरीवर दोन शब्द. आयएस ६९४ ची, ज्वालारोधक आवरणाची वायर ही किमान अपेक्षा समजा. पोकळीतून आणि जिन्यातून जाणाऱ्या वायरी शक्य तर हॅलोजनमुक्त, म्हणजे क्लोरीनसारखे घटक नसलेल्या, आयएस १७०४८ च्या घ्या. त्यांच्या धुरात हे आम्ल नसते. दर थोडा जास्त पडतो, पण सगळ्या घराला न वापरता एवढ्याच भागाला वापरली तर खर्च आवाक्यात राहतो.

'मान्यताप्राप्त' या शब्दाचा अर्थही विचारला होता. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ च्या चौथ्या भागात आगीसंबंधीच्या तरतुदी आहेत आणि भिंती-छतांच्या आवरणांचे ज्योत पसरण्याच्या वेगानुसार चार वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात ज्योत फारच कमी पसरते, चौथ्यात झपाट्याने. आणि चौथ्या वर्गातील वस्तू स्वयंपाकघर, बोळकंडी आणि जिना येथे वापरू नये असे सांगितले आहे. म्हणून दुकानदाराला "फायरप्रूफ आहे का" असे न विचारता, "याच मालाचा ज्योत-प्रसाराचा चाचणी अहवाल दाखवा, वर्ग कोणता आला आहे" असे विचारा. अहवाल नसेल तर तो माल न तपासलेला आहे असे धरून चाला, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो. उंच इमारतींची जशी अग्निशमन विभागाकडून तपासणी होते तशी आपल्यासारख्या दुमजली घराच्या छताची कोणी येऊन करणार नाही. ती आपल्यालाच करावी लागते.

विकत घेतलेल्या पॅनलांचे काय करायचे ते सांगतो. न्हाणीघर, संडास आणि धुण्याची जागा येथे ती लावा. गीझर असेल तर त्याभोवती हातभर जागा मोकळी सोडा. जिन्यात आणि खालच्या मुख्य दाराकडे जाणाऱ्या वाटेवर एकही लावू नका, कारण वरच्या मजल्यावरच्या माणसाला धुरातून जायला तोच एक रस्ता आहे. जिन्याखाली इन्व्हर्टर आणि बॅटरी ठेवणार असाल तर तोही बेत बदला. स्वयंपाकघरात शेगडीच्या मागच्या भिंतीला आणि दोन्ही बाजूंना अडीच फुटांपर्यंत टाइल किंवा ग्रॅनाइटच असावे, असा माझा नियम आहे. पॅनल नको, अॅक्रिलिक शीटही नको. वरच्या मजल्याच्या एका तरी खिडकीची लोखंडी जाळी आतून उघडणारी करून घ्या, आणि तिची किल्ली त्याच खिडकीजवळ खिळ्याला राहू द्या. वीज मंडळाच्या मीटरची आणि आपल्या वितरण पेटीची भिंतही पॅनलने मढवू नका.

राहिले देवघर. आईंची समई बंद करायची काहीच गरज नाही. देवघर लाकडी केले तरी चालेल, पण दिव्याच्या मागची पाठ आणि खालचा पाट दगडाचा किंवा टाइलचा करा, समईच्या वातीपासून वर निदान तीन फूट काहीही येऊ देऊ नका, आणि त्या खोलीच्या छताला पॅनल न लावता नुसता गिलावा करून चुना द्या. गौरी-गणपतीत आरास होते तेव्हा समईच्या जवळ कापडी किंवा प्लास्टिकची फुले आणि झिरमिळ्या येतात. तेवढे दिवस समई पाऊलभर पुढे, मोकळ्या फरशीवर ठेवा. आणि छत बंद होण्याआधी एक दिवस थांबायला ठेकेदाराला सांगा, शिडी लावून स्वतः वर पाहा, आणि प्रत्येक खोलीतल्या वायरींचे आणि बॉक्सचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.